पांढऱ्या रंगातून पुन्हा पुन्हा वर येणारे तपकिरी डाग: जुन्या लाकडी कपाटाचं काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. जुनं लाकडी कपाट आणलं, घासलं, प्रायमर दिला, वर पांढरा नाहीतर फिकट रंग मारला. रात्री झोपताना दृष्ट काढावी असं दिसत होतं. सकाळी पाहिलं तर चहा सांडून वाळल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग. आणखी एक हात मारला, डाग गेले. तीन दिवसांनी परत तिथेच. पुन्हा हात, पुन्हा डाग. शेवटी ‘रंगच भेसळीचा’ म्हणून दुकानदाराला बोल लावायचा आणि कपाटाचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं.

रंग भेसळीचा नसतो. चार हात वाया घालवून झाल्यावर मी हे लिहितेय, तुमचा निदान तिसरा आणि चौथा वाचावा म्हणून.

माझं कपाट म्हणजे दुभत्याचं जाळीचं कपाट. घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा दूध, दही, लोणी, उरलेली भाजी यात असायची आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका बुधवारी मिळालं. चौकट, दारं आणि बाजू सागवानी, पाठीला देवदारच्या फळ्या, मधला एक खण कुणीतरी नंतर आंब्याच्या फळीचा बसवलेला. अशी तीन लाकडांची खिचडी होती म्हणूनच रंगवायचं ठरवलं. अख्खं सागवानी असतं तर मीही पॉलिशच केलं असतं. तरीसुद्धा सासूबाईंनी “सागवानाला पांढरा रंग फासतेस?” म्हणून दोन दिवस अबोला धरलाच.

डाग नेमका येतो कसा

माठ आठवा. माठ पाझरतो, पाणी बाहेरच्या अंगाला येऊन उडून जातं आणि पाण्यातले क्षार मात्र माठावर पांढरे पापुद्रे होऊन राहतात. लाकडात अगदी हेच घडतं. पाण्यातला प्रायमर किंवा रंग लावला की त्यातलं पाणी लाकडात मुरतं. सागवानात, बाभळीत टॅनिन (चहाला तुरटपणा देतो तो पदार्थ) आणि तसलेच रंगीत पदार्थ असतात, ते या पाण्यात विरघळतात. मग रंग वाळायला लागतो, पाणी वरच्या बाजूने उडून जातं आणि जाताना सोबत आणलेलं सगळं रंगाच्या पृष्ठभागावर टाकून जातं. म्हणून डाग ताबडतोब दिसत नाही, काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. आणि म्हणूनच रंगाचा पुढचा हात उपयोगाचा नाही. तो डाग झाकत नाही, डागाला पुन्हा पाणी पाजतो.

टॅनिन पाण्यात जातं, तसे इतर डाग दुसऱ्या कशात तरी जातात: काही स्पिरिटमध्ये, काही थिनरमध्ये, काही टर्पेंटाइनमध्ये. तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठला रंग चांगला’ हा नाहीच. माझा डाग कशात विरघळतो, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की मध्ये असा थर द्यायचा, जो डागाला वर येऊ देणार नाही.

डाग ओळखा

माझ्या एकाच कपाटावर चार जातींचे डाग होते आणि मी सगळ्यांना एकच औषध देत होते.

बाजूच्या फळ्यांवरचे डाग चहाच्या रंगाचे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांबट पसरलेले. हे टॅनिन.

दाराच्या चौकटीवर रंगाला गुलाबी-तांबूस झाक. हा लाकडाचा दोष नाही, जुन्या पॉलिशमध्ये मिसळलेल्या रंगाचा आहे. महागनीसारखं दिसावं म्हणून पूर्वी स्पिरिट पॉलिशमध्ये लाल-तपकिरी रंग घालायचे. तो लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि वरवर घासून जात नाही.

पाठीच्या फळ्यांवर रुपयाएवढे गोल, मधासारखे पिवळे डाग. त्या गाठी. देवदार, पाइन अशा लाकडांच्या गाठीत राळ असते आणि उन्हाळ्यात ती पातळ होऊन वर येते. खोक्यांच्या फळ्यांपासून केलेल्या स्वस्त फर्निचरला हा त्रास हमखास.

आतल्या खणांवर ज्यांना धड आकारही नाही असे तुपकट डाग. तिथे रंग लावताना तो नीट पसरतच नव्हता, तव्यावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बाजूला सरकत होता. इतकी वर्षं लोणी-तूप झिरपलेलं, दुसरं काय होणार? जुन्या देव्हाऱ्यांना हेच, फक्त तिथे समईचं तेल.

माझ्याकडे नव्हते पण बऱ्याच जणांकडे असतात ते खिळ्यांभोवतीचे काळे-निळे डाग. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळी शाई होते. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, त्यातली क्रिया हीच. यावर नुसता रंग मारून भागत नाही. खिळा काढा, उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाणी ब्रशने लावा (हातमोजे घालून, ही पावडर विषारी आहे), डाग फिका पडला की दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्या आणि जागी पितळी स्क्रू बसवा. याच कारणासाठी सागवान घासायला लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पुढे गंजून ठिपके उठतात.

आणि एक प्रकार डागाचा नसतोच. दाराच्या आतल्या बाजूला, खणात, जिथे उजेड पोचत नाही तिथे सगळीकडे सारखी पिवळट झाक आली असेल, तर तो पांढऱ्या ऑइल पेंटचा स्वभाव आहे. अंधारात तो पिवळा पडतो. खात्री करायची तर दार काही दिवस खिडकीकडे उघडं ठेवा, झाक कमी होते. खालून काहीही वर आलेलं नसतं, त्यामुळे खालच्या कुठल्याही थराने फरक पडणार नाही. आतून पाण्यातला ॲक्रिलिक इनॅमल द्या, संपलं.

नजरेने नक्की कळलं नाही तर कापसाचे तीन बोळे घ्या: एक पाण्यात, एक पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, एक एनसी थिनरमध्ये (लॅकर पातळ करायला वापरतात ते). रंग खरवडून थोडं लाकूड उघडं करा आणि प्रत्येक बोळा वेगळ्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. मग बोळे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघा. पाण्याच्या बोळ्यावर चहाचा रंग आला तर टॅनिन. स्पिरिटचा बोळा तांबडा होऊन बोटांना चिकटायला लागला तर खाली जुनं लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने पृष्ठभाग मऊ पडला तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं कडक पॉलिश असण्याची शक्यता जास्त, आणि असं असेल तर डागापेक्षा रंग न धरण्याची काळजी करा. तिथे घासणं महत्त्वाचं.

मी काय बिघडवलं

तुपकट खण पाहून मला वाटलं, भांडी घासतो तसं घासून काढू. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून अख्खं कपाट ब्रशने धुतलं. तूप थोडंफार गेलं, पण सागवानी चौकट डोळ्यांदेखत काळपट झाली. सोडा अल्कधर्मी असतो आणि टॅनिनवाल्या लाकडाला अल्कली लागली की ते गडद होतं. शिवाय इतकं पाणी पाजल्यावर टॅनिन वर यायला मोकळंच. पहिल्या दोन हातांना डाग एवढ्या लवकर का आले, याचं उत्तर त्या बादलीत होतं.

मग दुसऱ्या टोकाला गेले. पाण्याचा रंग नको म्हणून ऑइल प्रायमर आणि ऑइल पेंट आणला. बाजूंवर बराच बरा बसला, कारण ऑइल पेंट पातळ करतात ते टर्पेंटाइनमध्ये आणि टॅनिन त्यात फारसं विरघळत नाही. पण चौकटीवर तो आठ दिवस वाळेचना. बोट लावलं की ठसा उठायचा, दार बंद केलं की चिकटून बसायचं. सागवानाच्या अंगचे तेलकट घटक ऑइल पेंटचं वाळणं अडवतात. शिसवीत हा त्रास आणखी जास्त. चिकट राहिलेल्या थरावर पुढचा हात मारून उपयोग नसतो, तो खरवडूनच काढावा लागतो. मी काढला.

शेजारच्या इमारतीत एक पॉलिशवाले काका काम करत होते. चौकट त्यांना दाखवली. त्यांनी खिशातल्या चिंधीला स्पिरिट लावून कोपऱ्यात एकदाच फिरवलं, चिंधी लाल झाली.

“ताई, हे आधी उतरवलं का नाही?”

“घासलं की, पॉलिश पेपरने.”

“घासून वरचं जातं. आतलं स्पिरिटनेच उतरेल. आणि मग चपडीचे दोन हात मारा, त्याच्यावर काय पाहिजे ते रंगवा.”

रंगाच्या दुकानात मला चार प्रकारचे प्रायमर दाखवले होते, चपडीचं नाव कुणी काढलं नव्हतं.

चपडीचा थर

चपडी म्हणजे लाखेचे पातळ, पिवळट-तपकिरी पापुद्रे. लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ. पाण्यात विरघळत नाही, टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे खालचं टॅनिन, गाठीतली राळ, उरलंसुरलं तूप हे सगळं तिच्याखाली अडकून राहतं आणि वरून पाण्याचा रंग द्या नाहीतर ऑइलचा, तो तिला उठवत नाही. पुण्यात बोहरी आळीत, इतर गावांत पॉलिशचं सामान मिळतं त्या दुकानात सुटी मिळते. तयार बाटलीबंद पॉलिशपेक्षा सुटी चपडी घ्या, कारण विरघळवून ठेवलेली चपडी जुनी झाली की वाळतच नाही. शंका आली तर काचेवर थेंब पसरून बघा, तासाभरानेही चिकट असेल तर फेकून द्या.

पाव लिटर स्पिरिटला ५० ग्रॅम चपडी हे प्रमाण मला जमलं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, पत्र्याचा डबा नको, लोखंडाने चपडी काळवंडते. संध्याकाळी घातली, येता-जाता बरणी हलवली, सकाळपर्यंत विरघळली. आता घाई करू नका. चपडीत पाच टक्क्यांपर्यंत मेण असतं आणि मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. बरणी दोन-तीन दिवस अजिबात न हलवता ठेवली की ते गढूळ मेण तळाशी बसतं आणि वर कोऱ्या चहासारखं स्वच्छ द्रावण राहतं. वरचं अलगद दुसऱ्या बरणीत ओतून घ्या, तळातलं वापरू नका. बऱ्याच जणांच्या बाबतीत ‘चपडी लावली तरी रंग सोलला’ हे घडतं ते इथे.

लावण्याआधी लाकूड पूर्ण कोरडं हवं. तुपकट जागा थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा, दर वेळी चिंधीची नवी बाजू घेऊन, ती स्वच्छ निघेपर्यंत. सागवानी चौकटही थिनरने पुसून घ्या आणि तासाभराच्या आत थर द्या, जास्त वेळ गेला की आतलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. लाल पॉलिश असेल तर आधी स्पिरिट आणि चिंधीने जेवढं उतरेल तेवढं उतरवा. माझ्या दोन दारांच्या चौकटींना एक दुपार आणि एक जुनी सुती साडी लागली.

लाल पॉलिशच्या जागी एक गोम आहे. चपडीचं द्रावण स्पिरिटचंच, खालचं पॉलिशही स्पिरिटमध्ये उठणारं. ब्रश पुढे-मागे फिरवत बसलात तर नवा थरच लाल होतो. काकांनी ब्रश हातात देऊन सांगितलं होतं, “एकदा खाली नेला की परत वर आणायचा नाही. राहिलं तर राहू द्या, दुसऱ्या हाताला भरेल.” पहिल्या हातात थोडी तांबूस झाक आलीच, दुसऱ्यात आली नाही. पहिला हात पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, तरी तासभर थांबा. मग ३२० नंबरच्या पेपरने अगदी हलकं घासा, धूळ पुसा, दुसरा हात द्या. गाठींवर तिसरा. रात्रभर वाळू द्या आणि मग नेहमीचा प्रायमर आणि रंग.

स्पिरिट आणि थिनर दोन्ही पेट घेतात. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही विझलेला. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. हवेत दमटपणा असला की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि थर दुधाळ पांढरा पडतो. रंगाखाली तो पांढरेपणा दिसणार नाही, पण तो थर कच्चा राहतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

चपडीचा खटाटोप नको असेल तर टू-पॅक पीयू सीलर हाही चांगला अडसर आहे, कारखान्यात तोच वापरतात. पण हार्डनर मिसळल्यावर तो काही तासांत वापरून संपवावा लागतो आणि वास डोक्यात जातो. एका कपाटासाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

आधीच तीन-चार हात मारून झाले असतील तर

सगळं खरवडायची गरज बहुतेक वेळा नसते. रंगावर ब्लेडने बारीक चौकडी मारा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले तर दुर्दैव, उतरवा. नाही निघाले तर आहे त्या डागाळलेल्या रंगावरच हलकं घासून चपडीचे दोन हात द्या आणि वर एक-दोन हात रंग. डाग रंगाच्या पृष्ठभागावर आलेला असला तरी तिथेच कोंडता येतो. माझ्या बाजूच्या फळ्या मी अशाच केल्या.

उतरवायचंच असेल आणि जुना ऑइल पेंट असेल, विशेषतः पिवळा, हिरवा, नारिंगी, तर कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका आणि तो चिखल कागदात गुंडाळून टाका, मोरीत ओतू नका.

पायांकडेच फक्त रंग सुटत असेल तर वरचं सगळं विसरा, ते वेगळं दुखणं. लाकडाचं खालचं टोक स्ट्रॉसारखं पाणी ओढतं, आपण रोज फरशी पुसतो, आणि माझ्या कपाटाचे पाय तर वर्षानुवर्षं वाट्यांत उभे होते. खालचे दोन इंच बोटाने दाबले की दबत होते. सुताराकडून तेवढे कापून नवे तुकडे जोडून घेतले, तळाच्या टोकांना चपडीचे चार हात पाजले आणि खाली रबरी बुटं घातली.

एक शेवटचं, जे मी पहिल्यांदा करायला हवं होतं: कपाटाच्या पाठीवर किंवा दाराच्या आत हाताच्या पंजाएवढ्या दोन पट्ट्या आखा, एकीवर नुसता प्रायमर आणि रंग, दुसरीवर चपडी, प्रायमर आणि रंग. मग आठवडाभर कपाटाकडे बघू नका. डाग तीन दिवसांनी येतात, आपला धीर मात्र दुसऱ्याच दिवशी सुटतो.

माझ्या कपाटाला आता अकरा महिने झाले, एक पावसाळा त्याने काढला. बाजू, चौकट आणि खण जसेच्या तसे आहेत, सासूबाई त्यात पापडाचे डबे ठेवतात. पाठीवर उजवीकडच्या वरच्या फळीवर एका गाठीभोवती मेमध्ये मधाळ कडं उठलं. कपाट भिंतीला लावायचं म्हणून तिथे मी तीनऐवजी एकच हात मारला होता.